धरसोड मोजायची कशी? अभ्यासिकेतल्या पोरांसाठी प्रश्नावली करताना

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचं कोणीतरी दारात उभं राहतं. "मॅडम, प्रोजेक्ट व्यक्तिमत्त्वावर करायचंय." हातात मोबाइल, मोबाइलमध्ये व्हॉट्सॲपवरून आलेली पीडीएफ. दोन वर्षांपूर्वी आलेल्या अशाच एका पीडीएफमध्ये विधान होतं, "मी पार्टीचा प्राण असतो." त्या विद्यार्थिनीने ती प्रश्नावली आधी घरीच भरून घेतली होती. आजोबांनी चष्मा वर करून विचारलं, "कुठली पार्टी? आम्ही पार्टीबिर्टी कधीच सोडली." बहिर्मुखता मोजायला निघालेलं वाक्य आजोबांच्या राजकीय इतिहासात घुसलं.

मूळ इंग्रजी विधान चांगलं आहे, लाखो लोकांवर तपासलेलं आहे. मराठीत येताना त्याचा जीव गेला, आणि तो का गेला हे मुलीला कळलं नाही. कारण व्यक्तिमत्त्व मोजणं म्हणजे तयार चाचणी वाटणं आणि एक्सेलमध्ये बेरीज करणं, एवढंच तिला शिकवलं गेलं होतं. माझं म्हणणं असं आहे की प्रश्नावलीतून आपल्या हाती येतं ते माणसाचं उत्तर, आख्खा माणूस नव्हे. आणि त्या उत्तराचा दर्जा ठरतो आपल्या वाक्यावर. म्हणून या लेखात पाचपन्नास चाचण्यांची ओळख करून देत नाही. एकच गुण घेते आणि त्याची छोटी मराठी प्रश्नावली पहिल्यापासून शेवटपर्यंत कशी करायची ते सांगते. अडचणी वाटेत भेटतीलच.

गुण घेऊ 'धरसोड'. जागा पुण्याच्या सदाशिव पेठेतली एखादी अभ्यासिका. तिथे नांदेड, बुलढाणा, सोलापूर, साताऱ्याहून आलेली पोरं महिन्याचे पैसे भरून नंबरच्या खुर्चीवर बसतात, राज्यसेवेची तयारी करतात, आणि दर महिन्याला त्यांच्यातला कोणीतरी पुस्तकांचा नवा संच विकत घेतो. धरसोड पाहायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आधी शब्द, मग गुण

माणसांमधले महत्त्वाचे फरक भाषेत शब्द होऊन बसलेले असतात, या कल्पनेवर व्यक्तिमत्त्व-मापनाचा मोठा भाग उभा आहे. फ्रान्सिस गाल्टनने १८८४ मध्येच शब्दकोशातले स्वभावशब्द मोजून पाहिले. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोश चाळून १७,९५३ शब्द काढले. त्यातले ४,५०४ त्यांना टिकाऊ स्वभावगुणांचे वाटले. पुढे रेमंड कॅटेलने त्या यादीवर घटक विश्लेषण करून, म्हणजे बरोबरीने वाढणाऱ्या-घटणाऱ्या गुणांच्या मोळ्या बांधून, १६ घटक काढले, आणि नंतरच्या अनेकांच्या हातून ते पाचांवर आलं. बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, चेतापदशिता म्हणजे मनाचा चटकन तोल जाणं, आणि नव्या अनुभवांची ओढ. हेच ते 'बिग फाइव्ह'.

पाचवा गुण, इंग्रजीतला 'ओपननेस', मराठीत आणताना पुष्कळ जण 'मोकळेपणा' असं लिहितात आणि फसतात. आपल्याकडे मोकळा माणूस म्हणजे मनात काही न ठेवणारा, मनमिळाऊ. त्याचा चित्रकलेशी किंवा नव्या कल्पनांशी काही संबंध नसतो. असा शब्द प्रश्नावलीत घातला तर तुम्ही मोजायला गेलात एक आणि मोजलंत भलतंच.

म्हणून पहिलं काम करा. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात याच शहरातून काढलेला महाराष्ट्र शब्दकोश ग्रंथालयात उघडून बसा आणि आपल्या गुणाच्या आसपासचे शब्द वेचा. धरसोड, चालढकल, टंगळमंगळ, आरंभशूर, कामचुकार, उरक, चिकाटी, नेट, चिवटपणा, हेकटपणा. आता त्यांच्या राशी पाडा. उरक म्हणजे वेग, चिकाटी म्हणजे टिकून राहणं. भराभर उरकणारा माणूस धरसोडीचा असू शकतो. कामचुकार माणसाने मुळात काही धरलेलंच नसतं, तर सोडणार काय? आरंभशूर मात्र धरसोडीचा सख्खा भाऊ. एवढं झालं की दोन ओळींची व्याख्या लिहा. माझी अशी: स्वतः ठरवून हाती घेतलेलं काम बाहेरचं सबळ कारण नसताना मध्येच टाकून दुसऱ्याकडे वळण्याची सवय. 'स्वतः ठरवून' आणि 'सबळ कारण नसताना' हे दोन शब्दप्रयोग पुढे फार उपयोगी पडतात.

इथेच एक मोठा खड्डा आहे. आपण ज्याला धरसोड म्हणतो तो 'कर्तव्यदक्षता' या जुन्याच गुणाचा उलटा टोकाचा भाग नाही कशावरून? अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'ग्रिट', म्हणजे दूरच्या ध्येयाला चिकटून राहणं, नावाचा गुण आणि त्याची १२ विधानांची प्रश्नावली मांडली, जगभर गाजली. २०१७ मध्ये मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी ८८ नमुन्यांमधल्या ६६,८०७ लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा ग्रिट आणि कर्तव्यदक्षता यांच्यातला सहसंबंध, मापनातली चूक वजा केल्यावर, ०.८४ निघाला. सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात ते सांगणारा आकडा, पूर्ण जुळल्या तर १, काहीच नातं नसेल तर ०. नाव नवं, माल बराचसा जुना. म्हणून आपल्या प्रश्नावलीबरोबर कर्तव्यदक्षतेची एखादी मान्य प्रश्नावलीही त्याच लोकांकडून भरून घ्यायची. दोन्हींचे गुण जवळजवळ एकच आले तर आपण नवं काही मोजलेलं नाही, हे प्रबंधात प्रामाणिकपणे लिहायचं. परीक्षक त्यासाठी गुण कापत नाहीत. निदान मी तरी कापत नाही.

कोणत्या दारातून आत जायचं

ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थेमुळे मानसशास्त्रीय चाचण्या पुण्याला १९६० च्या दशकापासून ओळखीच्या आहेत, पण त्यांचं नाव बुद्धिमत्तेशी जोडलं गेलं. बुद्धीच्या चाचणीत बरोबर उत्तर असतं. व्यक्तिमत्त्वाच्या चाचणीत ते नसतं, त्यामुळे उत्तर देणाऱ्याच्या मर्जीवर बरंच काही अवलंबून राहतं.

मार्ग चार. माणसाला स्वतःबद्दल विचारा, त्याच्या जवळच्यांना विचारा, त्याचं प्रत्यक्ष वागणं टिपा, किंवा त्याच्यासमोर काहीतरी धूसर ठेवून तो त्यात काय पाहतो ते बघा. शेवटच्या मार्गावर फार थांबत नाही. हर्मन रोर्शाकचे १० शाईचे डाग १९२१ चे, मरे-मॉर्गन यांची चित्रकथांची चाचणी १९३५ ची. दोन्हींना शिकलेला हात लागतो, गुणांकन तपासनिसागणिक बदलतं, आणि एम.ए.च्या प्रोजेक्टसाठी डाग दाखवत फिरणं मला तरी धोक्याचं वाटतं.

स्वतःला विचारणं स्वस्त आणि सोपं, म्हणून सगळे तिकडेच वळतात. पण प्रत्येक गुण आतून सारखाच दिसत नाही. सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये दाखवलं की काळजी-चिंतेसारख्या आतल्या गोष्टी माणसाला स्वतःला जास्त नीट कळतात. उलट ज्यात स्वतःचा मोठेपणा गुंतलेला असतो, उदाहरणार्थ हुशारी, ते मित्रांना जास्त चांगलं दिसतं. धरसोड दोन्हींच्या मध्ये पडते. पोराला आपण सोडलेली पुस्तकं आठवतात, पण प्रत्येक वेळी 'सबळ कारण' होतं असंही वाटतं. म्हणून आपण स्वनिवेदन घेऊ, आणि प्रत्येकाच्या रूममेटकडून तीच विधानं 'तो' आणि 'ती' करून भरून घेऊ. शिवाय एक वही वापरू. तिच्याकडे नंतर येते.

विधान लिहिणं: इथे घाई करू नका

पहिल्या फेरीत २४ विधानं लिहा, शेवटी ८ उरतील. सगळ्यांच्या हातून होणाऱ्या चुका आधी काढून टाकू.

'मी जिद्दी आहे' हे विधान नको. जिद्दी आणि हट्टी यांच्यात वागणुकीचा फरक जवळजवळ नाही, फरक बोलणाऱ्याच्या मतात आहे. आवडता पोरगा जिद्दी, नावडता हट्टी. असल्या विधानाला माणूस स्वतःवरच्या प्रेमाचं उत्तर देतो. 'मी हाती घेतलेलं काम पूर्ण करतो आणि मध्येच कंटाळत नाही' हेही नको. कंटाळत कंटाळत पूर्ण करणाऱ्याने काय लिहायचं? नकारार्थी विधान शक्यतो टाळा. 'मी वेळ वाया घालवत नाही' या विधानाला 'नाही' असं उत्तर आलं तर ते होकार की नकार, हे उत्तर देणारालाही धड सांगता येत नाही.

यापुढची अडचण खास आपल्या भाषेची आहे. इंग्रजीतून आलेल्या मार्गदर्शक पुस्तकांत ती सापडणार नाही. मराठी क्रियापदाला लिंग असतं. 'मी कामं अर्धवट सोडतो' असं छापलं की मुलींच्या हातात मुलांचा कागद जातो. 'सोडतो/सोडते' असं तिरक्या रेघेने लिहिलं की २४ विधानांचा कागद सरकारी अर्जासारखा दिसतो. मग कोणीतरी युक्ती काढतं, 'माझी कामं अर्धवट राहतात.' लिंग गेलं, पण त्याबरोबर कर्ताही गेला. 'कामं राहतात' म्हणजे पाऊस पडतो तशी राहतात, कोणी ठेवत नाही. हे वाक्य पुण्यातल्या कोणालाही वाचून दाखवा, तो मान डोलावेल. सगळ्यांनी मान डोलावलेलं विधान मापनाच्या दृष्टीने मेलेलं, कारण ते माणसामाणसात फरकच करत नाही.

सुटका भूतकाळात आहे. 'मी पुस्तक सोडलं' या वाक्यात क्रियापद पुस्तकाच्या लिंगाने चालतं, बोलणाऱ्याच्या नाही. कर्ता 'मी' जागेवर राहतो, जबाबदारीही राहते, आणि बोनस म्हणून विधान स्वभावाच्या ऐवजी घडलेल्या गोष्टीबद्दल होतं. 'तुम्ही कसे आहात' पेक्षा 'तुम्ही काय केलंत' याचं उत्तर माणूस जास्त खरं देतो. ही युक्ती मला एका विद्यार्थ्याच्या चुकीतून सापडली, त्याने घाईत सगळी विधानं भूतकाळात लिहिली होती.

उरलेली आठ अशी. आधी ओळ: 'गेल्या दोन महिन्यांत असं किती वेळा झालं?'

१. हातातलं पुस्तक संपवण्याआधीच मी त्याच विषयाचं दुसरं पुस्तक सुरू केलं.
२. मी आखलेलं वेळापत्रक आठवडाभर तरी पाळलं.
३. कंटाळा आला म्हणून मी ठरवलेला विषय मध्येच बाजूला ठेवला.
४. कठीण धडा समजेपर्यंत मी तो पुन्हा पुन्हा वाचला.
५. दुसऱ्याचं पाहून मी माझ्या नोट्स किंवा क्लास बदलला.
६. सराव परीक्षेचा पेपर मी अर्ध्यातच सोडला.
७. एक काम हातावेगळं करूनच मी पुढचं काम घेतलं.
८. मी घरी कबूल केलेलं काम ठरल्या दिवशी पूर्ण केलं.

दोन, चार, सात आणि आठ ही उलटी विधानं आहेत. ती मुद्दाम ठेवायची, कारण आपल्याकडे होकाराचा कल जबर आहे. कागद 'मॅडमनी' दिलेला असला की माणूस वरपासून खालपर्यंत 'हो' ची रांग लावतो. उलट्या विधानांनी ही रांग पकडली जाते. न वाचता खुणा करणारे पकडायला मध्ये एक पहारेकरीही बसवा: 'या ओळीत दुसऱ्या रकान्यावर खूण करा.'

उत्तरांचे रकाने १९३२ मधल्या लायकर्टच्या धर्तीवर पाच. पण 'पूर्णतः सहमत, अंशतः सहमत, तटस्थ' ही भाषा विधिमंडळात शोभेल. आपण विचारतोय 'किती वेळा', म्हणून: कधीच नाही, एखाददुसऱ्या वेळी, अधूनमधून, बऱ्याचदा, जवळजवळ दर वेळी. 'तटस्थ' हा रकाना गेला हे बरंच झालं. 'मला माहीत नाही', 'मला सांगायचं नाही' आणि 'मी मधला आहे' ही तिन्ही उत्तरं त्या एका चौकोनात लपतात.

तयार विधानं भाषांतरित करायची असतील तर लुइस गोल्डबर्ग यांनी उभारलेला आयपीआयपी हा विधानांचा साठा आहे. त्यात ३,००० हून जास्त विधानं आहेत आणि वापरायला परवानगी लागत नाही, पैसेही नाहीत. 'पार्टीचा प्राण' तिथूनच आलेला. १६ पीएफ, एमएमपीआय, निओ यांसारख्या चाचण्यांना मात्र परवाना लागतो, व्हॉट्सॲपवरची पीडीएफ म्हणजे चोरीचा माल. भाषांतर केलंत तर दुसऱ्या माणसाकडून, मूळ न दाखवता, ते परत इंग्रजीत करून घ्या. एवढ्याने काम संपत नाही. 'पार्टीचा प्राण' परत इंग्रजीत अगदी हुबेहूब जातो. उलट भाषांतराने शब्दाची चूक सापडते, संस्कृतीची सापडत नाही.

पाच जणांना मोठ्याने वाचायला लावा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. मला विचाराल तर आख्ख्या कामातला सगळ्यात किफायतशीर हाच. पाच-सहा जण निवडा, एकेकाला चहाच्या टपरीवर घेऊन जा, विधान मोठ्याने वाचायला सांगा आणि उत्तर ठरवताना डोक्यात जे येईल ते बोलायला सांगा. तुम्ही फक्त लिहा, समजावून देऊ नका.

पहिल्या यादीत माझं एक लाडकं विधान होतं: 'सराव परीक्षेत गुण कमी पडल्यावर मी अभ्यासाची पद्धत बदलली.' परभणीकडचा एक मुलगा वाचून थांबला. म्हणाला, "बदलली की. बदलाय नको का? तीन वेळा तेच करून नापास झालो, चौथ्यांदा पण तेच करू का?" त्याने रकाना भरला 'जवळजवळ दर वेळी', म्हणजे माझ्या हिशोबात धरसोडीचे पाच गुण. खरं तर तो त्या अभ्यासिकेतला सगळ्यात चिवट मुलगा होता. व्याख्येतलं 'सबळ कारण नसताना' मी स्वतःच विसरले होते. विधान तिथेच, वर्तमानपत्राच्या कागदावर वडापाव ठेवलेला असताना, खोडलं.

दुसऱ्या एका मुलीला 'टापटीप' म्हणजे फक्त कपडे वाटत होते. 'चोखंदळ' हा शब्द तिसऱ्याला कौतुकाचा वाटला, चौथ्याला टोमण्याचा. पेठेतलं मराठी महाराष्ट्रभर तसंच पोहोचतं हा गैरसमज या टपरीवर दोन दिवसांत जातो.

माणसं, वेळ आणि कागद

किती लोक हवेत? फेलिक्स शोनब्रोट आणि मार्को पेरुजिनी यांनी २०१३ मध्ये दाखवलं की व्यक्तिमत्त्वातले सहसंबंध साधारण २५० लोकांच्या आसपास स्थिर होऊ लागतात. चाळीस जणांवर काढलेला सहसंबंध पुढच्या चाळिसांत चिन्ह बदलून आला तरी नवल नाही. एका अभ्यासिकेत २५० मिळणार नाहीत, तेव्हा शास्त्री रस्त्यापासून नारायण पेठेपर्यंत पाच-सहा ठिकाणं धरा.

वेळ जपून निवडा. गणपतीच्या दहा दिवसांत, किंवा पूर्व परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गोळा केलेली उत्तरं माणसाची नसतात, त्या आठवड्याची असतात. कागद अभ्यासिकेच्या मालकाच्या हातून वाटू नका. तो पाहील या भीतीने सगळे शिस्तप्रिय होतात. पाकीट द्या, नाव लिहू नका म्हणा, आणि रूममेटच्या कागदाशी जोड लावायला त्यांनाच एखादा सांकेतिक शब्द ठरवू द्या. लेखी संमती घ्या. गूगल फॉर्म वापरणार असाल तर ईमेल गोळा करण्याची सोय बंद करा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा एकदा वाचून ठेवा.

नोकरीच्या वेळी भरलेल्या चाचणीची गोष्ट वेगळी. माझ्या भाच्याने मुलाखतीआधी अशी चाचणी दिली आणि घरी येऊन म्हणाला, "मावशी, मी आज इतका मनमिळाऊ होतो की मलाच ओळखू आलो नाही." उत्तरावर पगार अवलंबून असेल तर माणूस पदाला शोभणारं उत्तर देणार, त्याला खोटेपणा म्हणणंही जड जातं. त्यावर 'मी आयुष्यात कधीच कोणाचा मत्सर केला नाही' अशी सापळ्याची विधानं लावतात. क्राउन आणि मार्लो यांची १९६० ची ३३ विधानांची यादी त्यातली प्रसिद्ध. पण या सापळ्यात बनेल लोकांबरोबर खरोखरच सरळ वागणाऱ्या आज्याही सापडतात. म्हणून सापळ्याचे गुण पाहा, पण फक्त त्यांच्यावर कोणाला बाद करू नका.

आकडे

आधी उलटी विधानं सुलटी करा: पाच रकाने असतील तर सहातून उत्तर वजा. ही पायरी विसरलेले प्रबंध मी पाहिले आहेत, आणि त्यावर विद्यार्थी दोन पानं चर्चा लिहितात. मग प्रत्येक विधानाचा उरलेल्या सातांच्या बेरजेशी सहसंबंध काढा. ०.२ च्या खाली असलेलं विधान संशयित. जामोवी आणि जास्प ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

मग विश्वसनीयता. विधानं आपसात किती जुळतात ते एका आकड्यात सांगणारा क्रॉनबॅकचा अल्फा १९५१ पासून चालत आला आहे, आणि त्याच्याइतका गैरवापर झालेला आकडा विरळा. समजा आपल्या आठ विधानांचा आपसातला सरासरी सहसंबंध ०.२५ आहे. अल्फा येतो ०.७३. तशीच विधानं चारच ठेवली तर ०.५७, सोळा केली तर ०.८४. गुण तोच, दर्जा तोच, नुसती लांबी वाढवून आकडा चढला. अल्फा वर न्यायचा सोपा बेइमान मार्गही आहे: एकच वाक्य आठ प्रकारे लिहायचं. 'मी अभ्यास मध्येच सोडला', 'मी अभ्यास अर्धवट टाकला', 'मी अभ्यास पूर्ण केला नाही'. अल्फा ०.९५, आणि मापलं फक्त एक वाक्य. तेव्हा ०.७३ आला म्हणून रडू नका. तीन-चार आठवड्यांनी पन्नास-साठ जणांकडून प्रश्नावली पुन्हा भरून घ्या. दोन दिवसांनी घेतलीत तर ते स्वभावाऐवजी आधीचं उत्तर आठवतील.

आता एका माणसाचं बघू. गुण ८ ते ४० मध्ये पडतात. समजा प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती पसरलेत तो आकडा, ५ आहे. अल्फा ०.७३ असताना मापनातली प्रमाण चूक सुमारे २.६ येते. तिची दुप्पट दोन्ही बाजूंना धरली तर २९ गुण मिळालेल्याचा खरा गुण साधारण २४ ते ३४ च्या दरम्यान कुठेही असेल. २७ वाला आणि ३० वाला यांच्यात फरक आहे असं म्हणायला या प्रश्नावलीत जागाच नाही. गटांची तुलना करायला ती चालेल, एका पोराचं करिअर ठरवायला चालणार नाही. माणसांना चार-चार अक्षरांच्या १६ खोक्यांत टाकणाऱ्या लोकप्रिय चाचण्यांचं दुखणं हेच आहे. बहुतेक माणसं मध्याजवळ असतात, रेघ मधोमध ओढली की एका गुणाच्या फरकाने माणूस अंतर्मुखाचा बहिर्मुख होतो, आणि पुढच्या महिन्यात परत येतो.

वही काय म्हणते

विश्वसनीय म्हणजे काटा दर वेळी तेच वजन दाखवतो. पण तो काटा वजनच दाखवतोय ना, ही सप्रमाणता. त्यासाठी प्रश्नावलीच्या बाहेर जावं लागतं.

अभ्यासिकेत दारापाशी हजेरीची वही असते. नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. मालकाच्या आणि मुलांच्या लेखी परवानगीने दोन महिन्यांची वही पाहा. रोज किती तास बसला हे नव्हे, तर तासांचा चढउतार पाहा. सलग बारा दिवस अकरा तास आणि मग नऊ दिवस गायब, ही धरसोडीची सही. तो चढउतार आणि आपल्या ८ विधानांचा गुण यांचा सहसंबंध काढा.

तो ०.२ किंवा ०.३ आला तर? वॉल्टर मिशेलने १९६८ मध्ये नेमका हाच मुद्दा काढून क्षेत्र हादरवलं होतं, की स्वभावगुणांवरून एखाद्या प्रसंगातलं वागणं ०.३० च्या आसपासच सांगता येतं. त्यावर सीमूर एप्स्टीनने १९७९ मध्ये उत्तर दिलं की एका दिवसाचं वागणं म्हणजे एका विधानाची प्रश्नावली. पुष्कळ दिवसांची सरासरी घ्या, मग स्थैर्य दिसतं. म्हणून वही दोन आठवड्यांची नको, दोन महिन्यांची हवी.

सहसंबंध कमी येण्याचं दुसरं कारण नमुन्यातच दडलेलं असतं. अगदी धरसोडीचा मुलगा पहिल्या महिन्यातच बॅग भरून गावी गेलेला असतो. जे उरले ते सगळे बऱ्यापैकी चिवट. गुणांचा पट्टा आखूड झाला की सहसंबंधही आखडतो. आणि तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं. रोज दहा तास बसणारी एक मुलगी स्वतःला धरसोडीची म्हणत होती. का, तर शेजारची खुर्ची तेरा तास भरलेली असायची. माणूस स्वतःला आसपासच्यांच्या तुलनेत मोजतो. स्टीव्हन हाइन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये देशादेशांच्या तुलनेत हीच अडचण दाखवली. 'किती वेळा केलंत' असं विचारल्याने ती कमी होते, जात नाही. म्हणून 'पुण्याची मुलं नागपूरच्या मुलांपेक्षा अधिक शिस्तीची' असला निष्कर्ष सरासरी गुणांवरून काढू नका.

रूममेटचे कागद आता उघडा. स्वतःचा आणि जवळच्या माणसाचा अंदाज यांचा मेळ साधारणपणे ०.३ ते ०.५ च्या आसपास बसतो, तेव्हा ०.४ आला तर चांगलंच समजा. जिथे मोठी तफावत आहे ते चार-पाच जण शोधून ते का वेगळे पडले याचा विचार करा. प्रबंधाची चर्चा तिथून लिहिता येते.

आणखी एक तपासणी: नांदेडहून आलेल्यांत आणि पुण्यात वाढलेल्यांत आठही विधानं सारखीच एकत्र बांधली जातात का? बिग फाइव्ह हे पाच घटकही सगळीकडे जसेच्या तसे निघत नाहीत. बोलिव्हियातल्या त्सिमाने या शिकार-शेती करणाऱ्या समाजातल्या ६३२ प्रौढांवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते सापडले नाहीत. आपल्याकडे 'घरी कबूल केलेलं काम' हे आठवं विधान मुलींमध्ये वेगळं वागेल अशी मला शंका असते, कारण घरचं काम टाकण्याची मुभाच सगळ्यांना सारखी नसते. तसं दिसलं तर ते काढा, सात चालतील.

निकाल हातात देताना

पोरं निकाल मागतातच. देण्याआधी वर्गात एक खेळ करा. बर्ट्राम फोररने १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचं व्यक्तिमत्त्व-वर्णन' म्हणून एक परिच्छेद दिला. सगळ्यांना तोच, टपरीवरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेल्या वाक्यांचा. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. रविवारच्या पुरवणीतलं राशिभविष्य राशीचं नाव काढून वाटलंत तर तुम्हालाही असंच काहीसं दिसेल. तेव्हा 'निकाल मला अगदी पटला' ही प्रतिक्रिया सप्रमाणतेचा पुरावा म्हणून प्रबंधात लिहू नका.

मी प्रत्येकाला चिठ्ठी देते. त्यावर गुणाचा एक आकडा नसतो, पट्टा असतो, '२४ ते ३४'. बाजूला गटातल्या मधल्या माणसाचा पट्टा, आणि खाली त्याच्याच वहीतली दोन महिन्यांची तासांची रेघ. गेल्या वेळी बुलढाण्याकडच्या एका मुलाने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "मॅडम, हे २४ ते ३४ म्हणजे मी धरसोडीचा आहे का नाही, ते सांगा ना."

"ते या चिठ्ठीवरून सांगता येत नाही."

"मग ही रेघ?" त्याने श्रावणातल्या नऊ रिकाम्या दिवसांवर बोट ठेवलं आणि स्वतःच म्हणाला, "हे सोयाबीन निंदायला गेलो होतो. हे सोडणं धरायचं नाही."

मी वहीत त्या नऊ दिवसांभोवती पेन्सिलने चौकोन केला आणि बाकीच्या १८ जणांना त्यांच्या रिकाम्या दिवसांबद्दल विचारायला निघाले. आकडेमोड पुन्हा करावी लागली.